बयाना परत केला ते वर्ष

आमच्या भागात मंडईला पाहुणा विचारून येत नाही. मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा; दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया लागतात, आज या गावाची, उद्या त्या गावाची. आपल्या गावाची असेल त्या दिवशी घरात किती ताटं लागतील, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, जावयाचा भाऊ येतो आणि त्या भावाचा एक मित्रही येतो, ज्याचं नाव कोणालाच माहीत नसतं. मटण कमी पडलं तर पुढच्या मंडईपर्यंत बोलणी खायची. मी असल्या गोष्टींवर चिडते, पण रात्रीपासून वाटण वाटायला बसणारीही मीच असते.

गंमत अशी की नेमक्या याच दिवसांत आमच्या हातात पैसा नसतो. धान कापून झालेलं असतं, भाऱ्यांचे पुंजणे रचलेले असतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं घर भरलंय. पण ते धान चुरायचं, म्हणजे मळायचं, पोती भरायची, खरेदी केंद्रावर नंबर लावायचा आणि मग पैशाची वाट बघायची, यात संक्रांत उजाडते. पाहुणे तर संक्रांतीपर्यंत थांबत नाहीत. म्हणून मंडईच्या आठ दिवस आधी ठेकेदार यायचा.

ठेकेदार म्हणजे कोणी परका नव्हे, माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. माघ लागला की तो आसपासच्या गावांतली माणसं गोळा करून मिरची तोडायला तेलंगणात नेतो. आमच्याकडे अजूनही त्याला आंध्रच म्हणतात. मंडईच्या तोंडावर तो घरोघर बयाना, म्हणजे मजुरीतला आगाऊ पैसा, देऊन जायचा. बयाना हातात घेतला की जबान दिली. मग घरात कोणी आजारी असो की आणखी काही असो, गाडी आली की पेटी उचलायची. नऊ वर्षं आम्ही नवरा-बायको अशीच गेलो. मिरचीला मी नावं ठेवणार नाही. घरावरचे पत्रे मिरचीचे, थोरलीचं लग्न मिरचीचं आणि वर्षभराचं तिखटही तिथलंच.

पण थोरली दहावीला होती तेव्हाही आम्ही मिरचीतच होतो. घरी ती आणि माझी सासू. परीक्षा सुरू झाली ते मला फोनवर कळलं आणि संपली तेही फोनवरच. ती गणितात गेली. गुणपत्रिका मागितली तर म्हणाली, फाडून टाकली. तेव्हा मी तिला काय बोलले ते इथे लिहायची लाज वाटते. गणिताले डोकं लागते, टीव्हीले नाई लागत, असं काहीतरी. ती ऐकून घेत उभी राहिली. पुन्हा परीक्षेला बस म्हटलं तर नको म्हणाली, आणि पुढे तीन वर्षांत तिचं लग्न झालं.

धाकटी दहावीला गेली त्याच्या आदल्या वर्षापासून बायांच्या खात्यात दर महिन्याला सरकारचे पंधराशे रुपये येऊ लागले. सासूला निराधार योजनेचे आधीपासून येत होतेच. पहिले काही महिने माझेही पैसे इतरांसारखेच गेले. आले कधी आणि गेले कधी, पत्ता नाही. सासू म्हणायची, "खात्यात ठेवशील त सरकार वापस घेते. काढून आण." ती स्वतःचे पैसे आले त्याच दिवशी अंगठा देऊन काढायची आणि लुगड्याच्या गाठीत बांधायची. मी हसायचे, पण काढून मीही आणायचेच.

मग एका दुपारी धाकटीचा चष्मा करायला पवनीला गेले. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात दिले तरी चालतील. मी सहज म्हणून गेले, "चालते, पुढच्या महिन्याचे येतेतच." बसमध्ये बसल्यावर माझंच मला नवल वाटलं. माझ्या उभ्या आयुष्यात पुढच्या महिन्याबद्दल असं ठामपणे मी कधी बोलले नव्हते. आमचा पैसा वर्षातून दोनदा यायचा, धानाचा आणि मिरचीचा. आला की नवरा राजा आणि मी राणी, पंधरा दिवस. काय करायचं ते ठरवायला सवडच नसायची, कारण तो यायच्या आधीच संपलेला असायचा. लोक म्हणतात, खेड्यातल्या माणसाला नियोजन कळत नाही. कळतं हो. पण महिन्याचा भरवसा नसेल तर माणूस नियोजन कशाचं करणार?

त्या दिवसापासून मी महिन्यांना नावं दिली. पोळ्याचा महिना धाकटीच्या वह्या-पुस्तकांचा. त्याच्या पुढचे दोन मंडईचे. पोळ्याआधीच्या काही महिन्यांना हात लावायचा नाही, ते खात्यातच पडून राहतील. आणि माघ-फाल्गुनाचे येतील ते माझे. माझे म्हणजे माझ्या घरी राहण्याचे. धाकटीची परीक्षा होईपर्यंत मी मिरचीला जाणार नव्हते. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने तंबाखू मळून दाढेत धरली. मग म्हणाला, "मी एकटा जातो. पण मंडई कशी होईन?" मी म्हटलं, "होईन. बयाना घ्यायचा नाई, बस."

मंडई झाली. मटण पुरलं. थोरली लेकराला घेऊन आली होती, ठेकेदारही जेवायला होता. त्याने बयान्याचा विषय पुन्हा काढला तेव्हा नवऱ्याने मान खाली घातली आणि मी स्वच्छ सांगितलं की यंदा माझं नाव लिहू नका. तो हसला, पान खाल्लं, निघताना रीतीप्रमाणे माझ्या सासूच्या पाया पडला आणि तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. "मावशी, मंडईचं राहू दे."

मंडईला आलेला पाहुणा म्हाताऱ्या माणसाच्या हातावर काही ना काही ठेवतोच. कोणी पन्नास, कोणी शंभर. त्यात पाच हजार निघाले. सासूला वाटलं, बहिणीचा लेक मोठा झाला, घर बांधलं, मावशीची आठवण ठेवली. तिने ते कोणाला दाखवलंही नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीला घेऊन पवनीला गेली, नातीला साडी घेतली, पणतूला चांदीचे वाळे घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने लेकीबाळीचं केलं म्हणून दोन दिवस ताठ मानेनं अंगणात बसली.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला. "वहिनी, दोघायचे नावं लिवले. मावशीजवळ बयाना देल्ला हाय."

मी जो तमाशा केला तो शेजारच्या चार घरांनी ऐकला. सासूला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर ती अंगणातून उठून आत गेली. तिचं ते उठून जाणं मला अजून सलतं. तिने बयाना घेतला नव्हता, भाच्याचं प्रेम घेतलं होतं. थोरलीने सासरहून फोन केला, "आई, साडी वापस करू काय?" मी तिच्यावरही खेकसले, "नेसलेली साडी कोण वापस घेते?" नवरा म्हणाला, "पैसा हातात घेतला म्हणजे जबान गेली. आता जाच लागते. पोरगी हुशार हाय, आजी हाय घरी, होऊन जाईन." थोरलीच्या वेळी तो हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत. आणि मीही मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासबुक घेऊन आसगावला बँकेत गेले, हात न लावलेल्या महिन्यांचे पैसे काढले आणि तशीच पुढची बस धरून ठेकेदाराच्या गावी गेले. त्याच्या बायकोने चहा केला. मी कप हातात घ्यायच्या आधी पाच हजार त्याच्या पुढ्यात ठेवले.

"वहिनी, मी काई वाईट नाई केलं तुमचं," तो म्हणाला. "मिरची लेकरायच्या शिक्षणालेच त कामी येते."

"येते नं. पण लेकरू घरी एकटं अन आपण तिकडं, त शिकते कोण?"

"मावशी हाय नं."

"मावशी मोहफुलं वेचाले जाते पहाटं."

त्याने नोटा मोजून खिशात घातल्या. मग म्हणाला, "पुढच्या साली मंग मले म्हणू नोका, नाव लिवा म्हणून."

"म्हणीन. काहून नाई म्हणणार? पोरगी पास झाली की मी सोता येईन नाव लिवाले." यावर त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि वातावरण सैल झालं. तो माणूस वाईट नाही. त्याला गाडी भरायची असते आणि मला पोरगी शिकवायची होती, एवढंच.

परतीच्या बसमध्ये मात्र मी पासबुक उघडून बघितलं. खातं रिकामं झालं होतं. माघ-फाल्गुनासाठी ठेवलेला आधार मीच उचलून देऊन आले होते. आधीची मी असते तर त्याच बसने परत गेले असते आणि म्हटलं असतं, द्या दादा, चुकलं माझं. पण मी पुन्हा पुन्हा एकच हिशेब करत राहिले, की पुढच्या महिन्यात येतील, त्याच्या पुढच्या महिन्यात येतील. पंधराशे म्हणजे काही फार नाही, किराणाही धड होत नाही. पण रिकाम्या हाताने घरी जाऊनही घाबरायचं नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

त्यानंतरच्या महिन्यात पैसे उशिरा आले, तेव्हा मात्र मी सगळ्या सरकारला शिव्या दिल्या. घरचे तांदूळ आणि लाखोरीची डाळ यावर दिवस काढले. सासूने एक दिवस न बोलता लुगड्याची गाठ सोडली आणि निराधारचे पैसे माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "हे बी खात्यात ठेव. सरकार वापस घेईन त घेवो." नवरा एकटाच मिरचीला गेला. जाताना पेटी उचलून दारात थांबला आणि म्हणाला, "पोरीले साजरं खाऊ घाल." मी म्हटलं, तुम्ही तिथे साजरं खा.

परीक्षेचे दिवस मला सुट्टीसारखे वाटले, हे कबूल करते. फाल्गुनात मी माझ्या स्वतःच्या घरात आहे, हेच नवीन होतं. सासू पहाटे टोपली घेऊन मोहाकडे जायची. मी चहा करायचे, धाकटीला उठवायचे, तिचं डोकं विंचरून द्यायचे. ती कुरकुरायची, "मी काय लहान हाय काय?" केंद्र दुसऱ्या गावात होतं, सायकलने पाऊण तासाची वाट. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी राहायचे, आणि मग दिवसभर काय करावं ते सुचायचं नाही.

गणिताच्या पहिल्या पेपराच्या दिवशी धाकटी गेली आणि दहा मिनिटांत थोरलीचा फोन आला. 

"गेली काय?"

"गेली."

"उठली होती बराबर?"

"मी उठवली. काहून?"

पलीकडून तिच्या लेकराचा आवाज येत होता.  

"मले कोणी उठवलं नव्हतं, आई," ती म्हणाली. "आजी मोहाले गेलती. रातभर गणितं सोडवली अन पहाटं डोळा लागला. जागी झाली तवा उन्ह आंगावर आलं होतं. सायकल दामटली, पण गेट बंद झालं होतं. मी पेपर देल्लाच नाई."

"अन मले नापास म्हणून सांगतलं?"

"तुमी तिकडं उन्हात मिरची तोडून राहिले होते. तुमाले काय सांगू?"

मी चुलीपाशी खाली बसले. तिला मी टीव्हीचं बोलले होते. सात वर्षं ती पोर नापासाचा शिक्का कपाळावर घेऊन हिंडली, सासरीही तोच सांगितला, आणि मी मात्र तिला गणित जमत नाही असंच समजत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "जाऊ दे नं आता."

"जाऊ कायले द्यायचं? शाळेतून पुन्हा फॉर्म भरता येते. एकट्या गणिताले बसता येते. उन्हाळ्यातल्या महिन्यांचे पैसे तुह्या नावाचे."

"आई, मी आता लेकराची माय हाय."

"त काय झालं? परीक्षेच्या आधी इकडं येऊन राह्य. मी उठवीन तुले."