पेटी बाहेर ठेवा

माझा थोरला भाऊ गायचा आणि मी त्याच्या साथीला पेटी वाजवायचो. देऊळघाटाजवळ आमचा मळा होता. वांगी, कांदे, मेथी. मळ्यावर पोट भरायचं, पण अंगावर चांगला कपडा आला तो गाण्यामुळे. सप्ताह असो, लग्न असो, लोक आम्हालाच बोलवायचे आणि 'दोघा भावांचं भजन' असंच म्हणायचे. एकट्या दादाचं कोणी म्हणत नसे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळे विसरले.

आमच्यात एक रीत पडली होती. दादानं कोणत्या पट्टीत गायचं हे दादा ठरवत नसे, मी ठरवायचो. सकाळी तो बैलांवर ओरडला की मला त्याचा गळा कळायचा. ताक प्यालेला असला, मोट हाकून दमलेला असला, की मी पट्टी उतरवायचो. मांडवात मी सूर धरायचा आणि त्यानं डोळे मिटून तो उचलायचा. आज कोणती पट्टी, असं त्यानं जन्मात विचारलं नाही. वरच्या सुरावर त्याचा श्वास तुटायचा. तिथं मी पेटीनं अशी जागा भरून काढायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, बुवा मुद्दामच थांबले! मला माझ्या या कसबाचा केवढा अभिमान होता. मूर्ख होतो, दुसरं काय.

मग नागपूरला रेडिओ निघाला. आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे मोठा दावा असला तर नागपूर, मोठा साहेब पाहिजे तर नागपूर. आता गाणंही नागपूरचं झालं. बुलढाण्याच्या बाजारात एका हॉटेलवाल्यानं बॅटरीवरचा रेडिओ आणून गल्ल्याशेजारी ठेवला. आधी आम्ही हसलो. पण वर्ष उलटलं नाही तोच लोक विचारायला लागले, "बुवा रेडिओवर गायले काय?" नाही म्हटलं की सुपारी दुसऱ्याला. ज्याच्यावर रेडिओचा शिक्का त्याला हारतुरे, आणि ज्याच्यावर नाही त्यानं घरी बसून वांगी तोडावी. लग्नाच्या हंगामात आम्ही दोघं घरी बसून राहिलो, तेव्हा हसू पळालं. दादा रेडिओवर गेला तरच आमचं गाणं टिकणार होतं.

शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. सरकारी काम नि सहा महिने थांब, तसं थांबून थांबून एकदाचं चाचणीचं बोलावणं आलं. पत्र इंग्रजीत. मास्तर म्हणाले, "साथीदार तेच देणार आहेत." आम्ही समजलो, तबलजी देत असतील. पेटीवाला ते कशाला देतील? पेटीवाला तर मी होतो.

मलकापूरपर्यंत मोटर, पुढे आगगाडी. पेटी मी सगळ्या वाटेनं मांडीवर धरली. दादा खिडकीत वारा खात बसला.

"दादा, गळ्याले पंचा गुंडाळ."

"काई होत नाई बे."

नागपुरात उतरून त्यानं चहा मागितला तेव्हाच मला कळलं, गळा बसलाय. रोजची काळी तीन आज झेपणार नाही, एक पट्टी उतरवून काळी दोन धरावी लागेल. मनाशी ठरवलं आणि मी मोकळा झालो.

रेडिओच्या दारात एका साहेबानं अडवलं. "ही पेटी बाहेर ठेवा."

"बाहेर? मंग वाजवू कुठं?"

"वाजवायची नाहीच. रेडिओवर पेटीला मनाई आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. "काऊन जी?" म्हटलं. तर म्हणे, पेटी विलायती वाद्य. तिचे सूर तुटक, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची आपल्या गाण्यातली मींड तिच्यातून निघत नाही. दिल्लीचा हुकूम आहे. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, हे तुमचं गानं पकडाचं यंत्र काय आमच्या अमडापूरच्या बाजारात बनलं? तुमच्या मनगटावरचं घड्याळ? सारी विलायत घरात घेतली, अन् गरिबाची पेटीच तेवढी परकी झाली?"

दादा मागून माझा सदरा ओढत होता. साहेब माणूस भला. "मला समजतं हो," तो म्हणाला, "माझ्या घरीही पेटी आहे, मुलगी शिकते. पण नियम आहे." म्हणजे साहेबाच्या घरात चालते, साहेबाच्या कचेरीत चालत नाही! शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. असल्या गोड माणसाशी काय डोंबल भांडणार?

दादाला आत नेलं. मी दाराशी उभा. आत एक म्हातारे सारंगीवाले बसले होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "बुवा, सुर कौनसा लगाऊँ?"

दादानं मान वळवून दाराकडे पाहिलं. "थे माह्या भावाले माहीत हाये."

आत कुणीतरी फस्सकन हसलं. "गाणारे तुम्ही की भाऊ?"

दादाचे कान लाल झाले. मांडवात मृदंगवाल्याला मी नेहमी सांगायचो ते त्याच्या कानावर होतं, तेच त्यानं सांगितलं. "काळी तीन."

"दादा, आज काळी दोन!" मी ओरडलो, पण तोवर दार लागलं होतं.

दाराच्या काचेतून नुसतं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. दादाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबला. सारंगीवाले गुणी होते, पण दादाचा श्वास कुठं तुटतो हे त्यांना कसं ठाऊक असणार? तो बाहेर आला तेव्हा काय झालं ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

मलकापूरला मोटरीची वाट पाहत आम्ही वळकटीवर बसलो होतो. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. आग लागो त्या नियमाले, त्या दिल्लीवाल्यायले! दादानं माझा हात धरून मला थांबवलं. मग म्हणाला, "नियमाले काऊन शिव्या देऊन राह्यला बे? थो म्हातारा सूर इचारते, अन् मले माहा सूर सांगता येत नाई. रेडिओनं पेटी बंद केली, पन मले पांगळं तूच केलं."

"मी तुले सांभाळलं, दादा!"

"तेच त म्हनतो."

मला भयंकर राग आला. खरं बोललेलं जास्त झोंबतं. मोटर आली, तसा पेटी मांडीवर घेऊन मी दादापासून लांब, मागच्या बाकावर बसलो.

पुढे त्यानं कुठूनसा जुना तंबोरा आणला. विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर बसून तो एकटाच आपला सूर शोधायचा आणि मी वांग्याच्या सरीत ऐकत राहायचो. कधी तो गळ्यापेक्षा वर धरायचा. एकदा न राहवून मी सांगितलं, तर म्हणाला, "राहू दे. मले चुकू दे." त्याचं चुकत असताना गप्प बसणं मला जड गेलं. चुकत चुकत त्याला जमलं. दुसऱ्या चाचणीला तो एकटा गेला आणि पास होऊन आला.

त्याचं गाणं लागलं त्या दिवशी मी बाजारातल्या हॉटेलात गर्दीत उभा होतो. श्वास तिथंच तुटायचा, पण आता तो स्वतःच तिथं हळूच सूर सोडायला शिकला होता. छान गायला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि तळपायाची आग मस्तकात गेली, तेही खोटं नाही. माझा जन्म ज्यात गेला ते त्याच्या गाण्यात कुठंच नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. हॉटेलवाला मलाच म्हणाला, "पेटीबिगर किती साफ आयकू येते, नाई?"

महिन्याभरात मेहकरच्या उत्सवाची दोन माणसं घरी आली. तिथं आम्ही दोघं दरसाल जायचो. मी ओसरीवर कांद्याची रोपं निवडत होतो.

"बुवा, यंदा रेडिओवर गायले तसंच गा," एकजण म्हणाला. "तंबोरा अन् तबला, बस. पेटी नका आनू. लोकायले आता थे गावंढळ वाटते."

मेहकरच्या मांडवात काय वाजवावं, असा हुकूम दिल्लीनं काढलेला नव्हता. तिथं ना साहेब, ना काच. तरी पेटी बाहेर!

माझ्या हातातली रोपं तशीच राहिली. दादानं एवढंच म्हणावं की भाऊ असेल तरच मी येईन, याची मी वाट पाहत होतो. तो नुसतं म्हणाला असता आणि मागून एकटाच गेला असता, तरी मला चाललं असतं.

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मेहकरची मोटर किती वाजताची हाये?" त्यानं पाहुण्यांना विचारलं.

ते एकमेकांकडे पाहू लागले. इकडून सकाळची मोटर कधी सुटते, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"सातची," मी म्हणालो.