अंकुश आणि ओल्या भिंती

अंकुश गेल्याचं मला रंगाच्या दुकानदाराकडून कळलं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हे दुकान आहे. मालक सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणतात. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा वाटलं, एखादी नवी स्कीम आली असेल. साईं म्हणाले, "काका, अपना अंकुश नहीं रहा. दिवाली के बाद जिसका जिसका काम पकडा था, सबको बता रहा हूँ." मी नुसताच हं हं करत राहिलो. आदल्या संध्याकाळीच सगळं उरकलं होतं. माझ्या हॉलचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून मला कळलं, नाहीतर कोण कशाला कळवणार होतं... मी त्याचा ना भाऊ ना भावकी.

बदलापूर गावाच्या अंगाला, नदीपासून फार लांब नाही अशा जागी तळमजल्यावर घर घेतलं की काय होतं, ते घेतल्यावरच कळतं. जोराचा पाऊस झाला की नदी घरात येते आणि जाताना निम्म्या भिंतीवर चिखलाची रेघ ठेवून जाते. ती रेघ दिवाळीच्या आत झाकायची सगळ्या गल्लीला घाई. मीही पेंटर बोलावले, त्यांनीही भराभर हात मारले, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पापडासारखे पोपडे सुटले. तावातावाने मी साईंच्या दुकानात भांडायला गेलो, तुमचा रंगच भिकार आहे म्हणून. काउंटरला टेकून तंबाखू मळणारा एक काटकुळा माणूस मध्येच म्हणाला, "रंगाला कशाला बोलताय? भिंत वली आसंल." मला त्याचा राग आला. विचारलंय कोणी तुला, असं मी म्हणालोही. तोच अंकुश. दुसऱ्या दिवशी तो पत्ता विचारत घरी हजर झाला.

त्याने भिंतीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवला आणि निघून गेला. सकाळी त्या तुकड्याच्या आतून घाम सुटला होता. भिंत आधी वाळू दे म्हणत अंकुशने दिवाळीनंतरची तारीख दिली. आमची ही जाम भडकली, भाऊबीजेला तिचे भाऊ यायचे होते आणि घर असं महारोग झाल्यासारखं. अंकुश तिला म्हणाला, "ताई, भाऊ तुला बघायला येतात का भिंतीला?" पहिल्याच भेटीत एकेरीवर आलेला हा माणूस पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात भाऊ म्हणून वावरला. तसा तो गोड वगैरे अजिबात नव्हता. भांडखोर होता, बढाईखोर होता, कामाच्या दिवशी मोबाइलवर कर्कश गाणी लावायचा आणि त्याहून कर्कश आवाजात स्वतः गायचा. अंबरनाथ ते विठ्ठलवाडी माझ्यासारखा पेंटर दाखवा, असं तो येता-जाता सांगायचा. आम्ही हसायचो, पण दाखवता कधी आला नाही.

त्याची एक रीत होती. भिंत घासायचं काम तो दुसऱ्याला करू द्यायचा नाही. हाताखाली दोन माणसं होती, ती पुट्टी भरायची, रोलर फिरवायची, पण जुने पोपडे, बुरशी, सगळं पार प्लास्टरपर्यंत खरवडायचं ते अंकुशनेच. दारं-खिडक्या लावून तो आत घासत बसायचा आणि बाहेर यायचा तो भुवयांसकट पांढरा होऊन. तोंडाला फडकं बांध म्हटलं की म्हणायचा, त्याने जीव घाबरा होतो. मग मोरीत जाऊन खोकायचा. त्या खोकल्याचं आम्हाला काही वाटलं नाही, हे आज लिहिताना फार लागतं. अंबरनाथला कंपन्यांचा वास सुटला की इथे कोण खोकत नाही? दूधवाला खोकतो, रिक्षावाला खोकतो, मीही खोकतो. कंपनीचा गॅस म्हणायचं आणि आल्याचा चहा प्यायचा, ही आमच्या पट्ट्यातली सगळ्यांचीच सवय. अंकुशही तेच म्हणायचा, त्याची बायको शालनही तेच समजत होती. डॉक्टरकडे तो गेला तेव्हा फुप्फुसं आतून कडक झाली होती. धूळ पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग घासायचं काम त्या दोघांकडे आलं. अंकुश दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा आणि आतल्या आवाजावरून शिव्या द्यायचा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं घर तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या बेडरूमला ताटाएवढा पोपडा सुटला. बाईंनी फोन करून साधं सांगितलं, तक्रारसुद्धा नव्हती. चार दिवसांनी दुपारी जिन्यात कोणीतरी धापा टाकतंय असं ऐकू आलं म्हणून दार उघडलं, तर अंकुश कठड्याला धरून उभा. हातात पिशवी, पिशवीत भिंत घासायची पत्र्याची पट्टी. मी त्याला आत ओढून बसवलं. किती तरी वेळ त्याला बोलताच येईना. मी चिडून म्हणालो, "माणूस पाठवायचा ना. तुला मरायचंय का?"

"माणसानीच घासलेलं ना काका. म्हणून तर निघालं."

"मग निघू दे. एका पोपड्याने बाईंचं काही अडत नाही."

"त्यांचं नाय अडत," तो म्हणाला. "पण उद्या कोण बोलला, अंकुशचं काम पण बाकीच्यांसारखंच, तर मी काय सांगू?"

मी त्याची पिशवी लपवून ठेवायला उचलली. ती माझ्या हातातून त्याने काढून घेतली. वर जाऊन त्याने नुसता पोपडा नाही, सगळी भिंत खरवडली. बाईंना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्या त्याला चहा देत होत्या. खाली मला त्या पट्टीचा आवाज ऐकू येत होता... थांबायचा, परत सुरू व्हायचा. मला त्याचा इतका राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. भरवशाचा माणूस, भरवशाचा माणूस म्हणून आम्हीच त्याला मिरवला होता. त्यानंतर त्याने अंथरूण धरलं ते धरलंच, दिवाळीनंतरची कामं मात्र फोनवरून धरत राहिला.

अंकुशच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला जाता आलं नाही, म्हणून परवा विठ्ठलवाडीला जाऊन आलो. नाल्याकाठची चाळ, एक खोली आणि पोटमाळा. त्याच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. खोलीला रंग असा नव्हताच, छतापासून खाली काळी-हिरवी ओल. फक्त खाटेशेजारी भिंतीचा एक तुकडा स्वच्छ खरवडलेला, आतलं प्लास्टर दिसत होतं. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढाच. शालनने सांगितलं, त्याला आडवं झोपता यायचं नाही, भिंतीला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या घासत राहायचा. तिने पट्टी काढून घेतली, तर चमच्याच्या दांड्याने घासायला लागला. लोकांची घरं करत फिरलो, हे राहून गेलं म्हणायचा. शेवटी तिने पट्टी परत दिली. त्याच्या बाजूला ती ओला पंचा धरून बसायची, धूळ उडू नये म्हणून.

शालन त्या भिंतीकडे पाठ करून बसली होती.

"काका, तुमच्या वळखीत कोण हाय का?" तिने विचारलं. "एवढंच अर्धं ठेवलं तर सारखं डोळ्यासमोर येतं. नीट घासणारा पायजे, वरवरचं करणारा नको. ह्यांना नसतं चाललं."

बघतो, असं मी म्हणालो. दारापर्यंत ती पोचवायला आली. मी चप्पल घालत होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, "पण पोरंबाळं असलेला बघू नका."

त्यानंतर साईंच्या दुकानावरून दोनदा गेलो, आत शिरलो नाही. शालनला अजून फोन केलेला नाही. कोणाचं नाव सांगू, हे मला कळत नाहीये.