हिरव्या बाटलीची केस

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचे हे पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आपल्या केसेस त्यांनी वहीत लिहून ठेवल्या आहेत. कुणाचं नाव घ्यायचं नाही, खबर कशी आली तिथून सुरू करायचं आणि गुन्हा कसा उघड झाला ते सांगायचं, अशी त्यांची पद्धत. ही एक केस त्यांनी लिहिली नाही, म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली, पण सगळा संसार पोलीस लाइनीत झाला. जबाब आणि पंचनामा हे शब्द मला घरातल्या भांड्यांइतके ओळखीचे आहेत.

आता आम्ही अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडे राहतो. दोन घरं सोडून नागपूरचं एक कुटुंब आहे. त्यांची मुलगी अकरावीत, शाळेच्या नाटक विभागात काम करते. नटी म्हणून नाही, पडद्यामागे. एकदा तिनं मला अंगणात सुनेचा ड्रेस उसवताना पाहिलं आणि म्हणाली, "आजी, आमच्याकडे कुणालाच नीट शिवता येत नाही. या ना, प्लीज!"

मी लाजाळू. लाइनीतल्या हळदीकुंकवातही मी चार बायकांत कधी बोलले नाही. पण शिवायला बोलावं लागत नाही, म्हणून गेले.

शाळेत काम करायचं तर आधी तपासणी होते. ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या बोटांचे ठसे घेतले, इथे माझे घेतले. शाई नाही, नुसतं काचेवर बोट ठेवायचं. हे शेजारी उभे होते. "अंगठा नीट दाब," म्हणाले.

त्या शाळेचं नाट्यगृह आमच्या जिल्ह्याच्या गावच्या नाट्यगृहापेक्षा मोठं आहे. पहिल्या दिवशी मी बाजूच्या अंधारात उभी होते. समोर खानावळ होती, चूल, बाकं, फळीवर बाटल्या. दिवे गेले. काळे कपडे घातलेली दहा-बारा मुलं पायांचा आवाज न करता आत गेली. मी एक श्वास घेऊन सोडला असेल, दिवे आले, आणि तिथे जंगल होतं. मला देवळात उभं राहिल्यासारखं झालं. हे सगळं सांभाळणाऱ्या सरांनी माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मी मान हलवली. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवून आणखी बरंच काही सांगितलं. तेव्हाही मी मान हलवली.

नाटकातल्या वस्तूंचं, म्हणजे प्रॉप्सचं, ते टेबल त्या मुलीचं. त्यावर तपकिरी कागद पसरलेला, आणि प्रत्येक वस्तूभोवती पेनानं रेघ ओढलेली. कंदिलाची जागा वेगळी, ताटाची वेगळी, पत्राची वेगळी. वस्तू उचलली की कागदावर तिचा रिकामा आकार राहतो, त्यामुळे काय बाहेर गेलं आहे ते अंधारातही कळतं. रोज तालीम सुरू व्हायच्या आधी ती मुलगी एकेक वस्तू हातात घेऊन बघायची. ह्यांचा ठाणे अंमलदार मुद्देमाल इतक्या निगुतीनं बघत नसे.

रंगीत तालमीच्या दिवशी मी एका झग्याची शिवण घालून टेबलाशी आले. मुलगी वस्तू तपासून बाकं लावायला आत गेली होती. टेबलावर हिरवी बाटली होती, तिच्या गळ्याशी टवका उडालेला. फुटकी काच घरात ठेवू नये आणि पोरांच्या हातात तर देऊच नये, हे मला लहानपणापासून माहीत. कपाटात तशीच एक चांगली बाटली होती, खानावळीच्या फळीवरच्या बाटल्यांतली उरलेली. मी ती पुसून त्याच रेघेत ठेवली. टवक्याची कचऱ्यात टाकली.

पुढे तालीम रंगात आली. खानावळीतली स्वयंपाकीण रागावून बाटली घेते आणि मालकाच्या मागे लागते, असा प्रवेश. त्या दिवसापर्यंत मी तो नुसत्या रिकाम्या हातांनी केलेला पाहिला होता. स्वयंपाकिणीचं काम करणाऱ्या मुलीनं अंधारात टेबलावरून बाटली उचलली आणि आत गेली. जाताना बाटली बाकाला लागली. टण् असा आवाज आला.

माझ्या शेजारून ती मुलगी ओरडली, "होल्ड!"

तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. सगळं थांबलं. नटीचा हात वर तसाच राहिला, मालक झालेला मुलगा वाकलेला तसाच राहिला, वर दिव्यांपाशी बसलेली पोरंसुद्धा हलली नाहीत. एका पोरीच्या एका शब्दावर तीस माणसं दगडासारखी उभी! मला वाटलं, हाही तालमीचाच भाग. सूनबाई घ्यायला आली होती, मी कौतुक करत घरी गेले.

संध्याकाळी चहाच्या वेळी मुलीचे वडील तिला घेऊन आमच्याकडे आले. खबर आली ती अशी.

"काका, आता तुम्हीच विचारा हिला. आम्हाला काहीच सांगून नाही राहिली. टेबलावरच्या बाटलीनं एका मुलाचं डोकं फुटलं असतं म्हणून शाळेतल्या पोलीस बाईनं रिपोर्ट लिहिला आहे. उद्या प्रिन्सिपलकडे मीटिंग. तोवर स्टेजवर पाय नाही ठेवायचा म्हणाले. कदाचित सस्पेंड करतील!"

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाळ, बस. आधी पाणी पी."

ही त्यांची पद्धत. आधी पाणी, मग बराच वेळ काहीच नाही. मी आत चहा ठेवला. स्वयंपाकघर आणि बैठक एकच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"टेबलाला हात कोण लावतं?"

"मी. आणि अॅक्टर्स, फक्त स्वतःचा प्रॉप घेताना."

"ज्याला बाटली लागणार होती, त्या मुलाशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

"हो! तो प्रॉपचा ब्रेड खातो, आजोबा. रोज! मी त्याला इडियट म्हटलं. सगळ्यांसमोर."

"म्हणजे राग होता."

"ब्रेडसाठी मी कुणाचं डोकं फोडेन का?"

"मग बाटली कुणी ठेवली?"

"आय डोन्ट नो."

"कुणाचा संशय?"

"मी पाहिलं नाही तर नाव कसं घेऊ? आय वोन्ट गेस."

ह्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज अगदी मऊ करून. मुलीचे डोळे भरले. म्हणाली, "आजोबा, इट्स माय टेबल. टेबलावर जे असेल ते माझं. सो इट्स माय फॉल्ट. उद्यापण मी हेच सांगणार आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ठाऊक आहे. कबुली मिळाली की ते असे बघतात.

वडिलांनी कपाळाला हात लावला. "अगं, मग केलंस कशाला असं? हजारदा सांगितलं, नाटक-बिटक सोड, रोबोटिक्स घे! उद्या मीटिंग झाली की नाव काढूनच टाकतो तुझं."

मुलगी खाली बघून बोटं चुरत राहिली. ते नाटक हेच तिचं सगळं होतं, हे मी रोज बघत होते.

मी चहा घेऊन गेले आणि सहज विचारलं, "कुठली बाटली गं? टवका उडालेली का?"

"टवका म्हणजे?"

"इथे, गळ्याशी जरा फुटलेली."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ह्यांनी कप खाली ठेवला. हे नेहमी सांगतात, जे कुणालाच ठाऊक नसायला हवं ते ज्याला ठाऊक असतं, तो आपला माणूस.

"तू ती बाटली कुठे पाहिलीस?" ह्यांनी मला विचारलं. नवऱ्याच्या आवाजात नाही, ठाण्यातल्या आवाजात.

मी सगळं सांगितलं. मग मुलीच्या वडिलांनी मला समजावलं. ती टवक्याची बाटली काचेची नव्हतीच. साखरेच्या पाकासारखं काहीतरी साच्यात ओतून मुलीनं स्वतः केलेली. डोक्यावर मारली की भुगा होतो आणि लागत नाही. एकदा फुटली की संपली, म्हणून रंगीत तालमीलाच काढतात. त्या जागी मी खरी काच ठेवली होती. तो टण् आवाज ऐकून मुलीनं ओरडून थांबवलं नसतं, तर एका आईच्या लेकराचं डोकं माझ्या हातून फुटलं असतं.  मी खालीच बसले.

मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, रडू नका ना. तुम्हाला माहीत नव्हतं."

"काकू, जाऊ द्या," तिचे वडील म्हणाले. 

"मी शाळेला फोन करतो," हे म्हणाले. "ही चूक आहे, गुन्हा नाही. तुला यायची गरज नाही."

"मी येणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत प्रिन्सिपल बाई, सर, कमरेला पिस्तूल लावलेली शाळेची पोलीस बाई, मुलगी आणि तिचे वडील होते. हे दुभाषी. मी उभी राहिले. बसून मला बोलता आलं नसतं. मी म्हणाले, "बाटली मी बदलली. कुणाला न विचारता बदलली. सरांनी पहिल्याच दिवशी मला टेबलाचं सांगितलं होतं. मला काही कळलं नव्हतं, तरी मी मान हलवली. या मुलीचा यात काही दोष नाही."

ह्यांनी इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण 'आस्क' हा शब्द येतो. पडद्यामागे ती मुलं दिवसभर एकमेकांना 'आस्क फर्स्ट' म्हणत असतात. ह्यांच्या बोलण्यात तो शब्द आलाच नाही.

"न विचारता केलं, ते सांगितलंत का?" मी ह्यांना विचारलं.

"ते कशाला? समजलं त्यांना."

"सांगा. आणि मान हलवली तेही सांगा."

 मग त्यांनी सांगितलं. सरांनी डोळे मिटून घेतले आणि ते हळूच म्हणाले की समजलं का, हे विचारायचं काम त्यांचं होतं.

पोलीस बाईनं लिहून घेतलं आणि मुलीला विचारलं, तू केलं नव्हतंस तर माझी चूक आहे असं का म्हणत राहिलीस? मुलीनं तेच उत्तर दिलं. माझं टेबल आहे. मग सर बोलले आणि ह्यांनी ते मला मराठीत सांगायला घेतलं. "सर म्हणतात, या कामात असंच असतं. ज्याचं टेबल, त्याची जबाबदारी. तिनं गुन्हा कबूल केला नव्हता. तिनं..."  वाक्य तसंच सोडून हे मुलीकडे वळले. "बाळ, मी तुला चुकीचं समजलो. मला माफ कर."

आरोपीची माफी मागताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडीत म्हणाले, "रंगेहाथ पकडलेला माणूससुद्धा मला सांगायचा, साहेब, मी तिथे नव्हतोच. न केलेलं आपल्या अंगावर घेणारं कुणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तपासात त्याला जागाच नव्हती." 

मुलीवरचा ठपका काढला. वडिलांनी नाव काढण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. मला शिवणकाम करायला परवानगी मिळाली, पण टेबलाचं काय ते ती मुलगीच ठरवेल, असं सर म्हणाले. तिनं विचार केला. "आजी, पहिल्या शोला माझ्या शेजारी उभ्या राहा. सगळं बघा. पण हात नाही लावायचा."

मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. खानावळीच्या प्रवेशाआधी तिनं बाटली उचलली, तळहातावर तोलली, दिव्याशी धरली आणि नटीच्या हातात स्वतः दिली.  बाहेर फटका बसला, हिरवा भुगा उडाला, सगळं सभागृह किंचाळलं आणि मग हसत सुटलं. तो मुलगा डोकं धरून मजेत कोलमडला.

मुलीनं तिकडे पाहिलंही नाही. बाटलीच्या रिकाम्या आकारावर तिनं बोट टेकवलं आणि दुसऱ्या हातानं पुढच्या प्रवेशाचा कंदील उचलला.