कै. मधुकर खैरनार यांना गॅस मिळाला

माझे वडील पहिल्यांदा वारले तेव्हा मी नववीत होते.

बातमी मीच दिली होती. म्हणजे लिहिली मी, तपासली मी आणि स्टेन्सिलवर कोरलीही मीच! बाबा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, ओझरच्या कारखान्यात फिटर. ज्या दिवशी ही बातमी छापली गेली त्या दिवशी त्यांनी मटकीच्या उसळीबरोबर पाच पोळ्या खाल्ल्या होत्या, आणि सहावी 'अर्धीच वाढ' म्हणून पूर्ण घेतली होती.

दोष द्यायचाच तर तो आमच्या हेडमास्तरांना द्यावा लागेल. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि त्यांना आधुनिकतेचा झटका आला होता. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही तोवर टकळीवर सूत कातत असू (माझं सूत सुतळीच्या जातीचं निघायचं). ते बंद झालं आणि पिंगळे सर नावाचे नवे शिक्षक 'प्रसारमाध्यमे' हा विषय शिकवायला आले. मी घरी सांगितलं, "आई, आम्हाला आता माध्यम आहे."

"इंग्रजी?" आईने लाटणं तसंच हवेत धरून विचारलं.

"नाही गं, प्रसार!"

आईला शेवटचा शब्द ऐकूच गेला नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं होतं की खैरनारांची माधुरी इंग्रजी माध्यमात गेली. चार बायका मला येता-जाता 'गुड मॉर्निंग' करू लागल्या, संध्याकाळीसुद्धा.

पिंगळे सरांनी वर्गाचं वर्तमानपत्र काढायचं ठरवलं. एक फुलस्केप पान, शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर छापायचं आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या घरी द्यायचं. संपादक मी (कारण माझं अक्षर गोल होतं) आणि उपसंपादक शोभा भदाणे. सरांचे नियम दोनच. एक, बातमी आपल्या गल्लीतली हवी. दोन, एकही शब्द फालतू नको.

"कापा!" सर गरजायचे. "शब्द कापा! बातमी म्हणजे काही लग्नपत्रिका नाही!"

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी खरोखरची बातमी झाली. सात वर्षांपूर्वी नाव नोंदवलेल्या गॅसचा नंबर लागला! आज कोणाला याचं काही वाटणार नाही. पण माझ्या आईने सात वर्षं रॉकेलच्या रांगेत उभं राहून, स्टोव्हला पिना मारून आणि धुराने डोळे चोळून काढली होती. एजन्सीचं कार्ड आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मग देवाच्या पाया पडायचं विसरून कार्डाच्याच पाया पडली.

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. ती पंचवटीत होती आणि तिचं नाव होतं 'कैलास'. मालक पक्के शिवभक्त. त्यामुळे आम्ही सगळे भाडेकरू आपोआप कैलासवासी! हा विनोद पहिल्या दिवशी कोणी केला असेल तेव्हा लोक हसले असतील, पण आमच्या जन्मापर्यंत तो झिजून साधा शब्द झाला होता. "काय कैलासवासी, नळ आला का?" असं वरच्या मजल्यावरून खाली विचारलं जायचं आणि खालचा कैलासवासी "अजून नाही" म्हणायचा. जगात इतरत्र या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाशिकवासी तसे कैलासवासी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरा अर्थ आठवायला काही कारणच पडलं नाही.

मी बातमी लिहिली: 'पंचवटी येथील कैलास या इमारतीत राहणारे श्री. मधुकर खैरनार यांना सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर अखेर गॅस मिळाला.'

"लांब होतंय," शोभा म्हणाली. खाली कोपऱ्यात एवढीशी जागा उरली होती, कारण वर हेडमास्तरांचं 'दोन शब्द' नावाचं चाळीस ओळींचं मनोगत होतं.

"'कैलास या इमारतीत राहणारे'चं 'कैलासवासी' कर," मी म्हटलं.

"अजून एक ओळ जास्त आहे."

"मग नुसतं 'कै.' कर, 'पंचवटी' आणि 'सात वर्षं' उडव. आणि पुढचं 'श्री.' काढ. एका माणसाला दोन-दोन कशाला?"

सर असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं. पण ते नेमके मेहुण्याच्या लग्नाला सिन्नरला गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "माधुरी, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." (हे वाक्य त्यांनी नंतर कुठल्याच विद्यार्थ्याला म्हटलं नाही.) शनिवारी अंक घरोघर गेला. सर्वांत खाली, ठळक अक्षरात: 'कै. मधुकर खैरनार यांना अखेर गॅस मिळाला.'

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाबांच्या कारखान्यातले तिघं जण उभे होते. पुढे भामरे काका, ज्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तिघंही पांढऱ्या कपड्यांत, माना खाली, भामरे काकांच्या हातात कागदात गुंडाळलेला हार. बाबा आंघोळीला गेले होते. दार आईने उघडलं. ती गॅसच्या आनंदात नवीन पातळ नेसली होती.

"वहिनी," भामरे काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काल पेपरात वाचलं. विश्वासच बसेना."

"माझा तरी कुठे बसला!" आई हसून म्हणाली. "या ना, बसा. सात वर्षं वाट बघितली हो भाऊजी. रोज देवाला म्हणायचे, एकदाचं होऊन जाऊ दे! सुटले बाई!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण... काही त्रास वगैरे?"

"त्रास? मलाच होता सगळा! आता नाही. पेढा घ्या."

माणसं हातात पेढा धरून बसली. खाववेना आणि ठेववेना. शेवटी त्यातल्या एकाने धीर करून विचारलं, "मग... नेणार कधी?"

"नेणार काय, आणणार!" आई म्हणाली. "मंगळवारी. दोन माणसं लागतात म्हणे उचलायला. कोपऱ्यात ओट्याखाली ठेवणार आहे."

एवढ्यात मोरीचं दार उघडलं आणि कंबरेला पंचा गुंडाळलेले, अंगातून वाफा निघणारे बाबा बाहेर आले. "अरे भामरे! एवढ्या सकाळी?"

भामरे काका बागलाणातले. एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, घाबरले की अहिराणीत यायचे. त्यांच्या हातून पेढा पडला, हार पडला आणि ते स्वतःही खाली बसले. "आरे देवा! हाऊ ते जित्ता शे!"

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास आणि तीन कप चहा लागला. बाबांनी अंक हातात घेतला, बातमी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाखाली होते.

"बाहेर ये," ते म्हणाले. "मी काही करणार नाही. मला तर करताच येत नाही आता."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सोमवारी बाबा कार्ड घेऊन एजन्सीत गेले आणि खिडकीमागे बसले होते शोभाचे वडील, भदाणे क्लार्क. कागदाला देव मानणारा माणूस. त्यांच्यासमोर आमचा अंक फाइलीला टाचलेला होता.

"मयताच्या नावावर जोडणी निघत नाही," भदाणे म्हणाले.

"अहो, मी समोर उभा आहे!"

"उभे आहात हो. मी नाही कुठे म्हणतो? पण छापून काय आलंय?"

"ते माझ्या पोरीने छापलंय! तुमची पोरगी होती सोबत. विचारा तिला!"

"विचारलं. ती म्हणते चूक झाली. पण ते पडलं तोंडी. तोंडी फाइलीला लावता येत नाही."

"माझी सही जुळवून बघा!"

भदाण्यांनी सही जुळवली, भिंगाखाली. "जुळते," ते म्हणाले. "हयातीतली असेल."

बाबा खिडकीचे गज धरून उभे राहिले. शेवटी भदाण्यांनाच दया आली. "असं करा खैरनार, ज्या पेपरात गेलात, त्याच पेपरात परत या. दुरुस्ती छापून आणा. शनिवारपर्यंत आणली तर ठीक, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल. तुम्हाला मग नव्याने नाव नोंदवावं लागेल."

नव्याने म्हणजे आणखी सात वर्षं! आई त्या रात्री जेवली नाही. नुसती स्टोव्हला पिन मारत बसली. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आधी मी हसत होते, त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी लग्नाहून परतलेल्या पिंगळे सरांचे पाय धरले. सरांनी खास अंक काढायचं कबूल केलं, पण हेडमास्तर म्हणाले, अंक निघतोच आहे तर माझं 'आणखी दोन शब्द' टाका. पुन्हा तोच खालचा कोपरा! तीन ओळी! सर म्हणाले, "वर्तमानपत्राची रीत असते. चूक सांगायची, खरं काय ते सांगायचं आणि शेवटी दिलगिरी. आणि कापायचं!"

मी रीत पाळली. कापलं. शुक्रवारी अंक निघाला आणि शनिवारी बाबांनी तो न वाचताच भदाण्यांपुढे ठेवला. भदाण्यांनी तो मोठ्याने वाचला, रांगेतल्या तीस माणसांसमोर:

"'गेल्या अंकात श्री. मधुकर खैरनार हे कै. असल्याचे छापले होते. ते जिवंत आहेत. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संपादक, माधुरी मधुकर खैरनार.'"

रांग हसून हसून मोडली. भदाणे मात्र हसले नाहीत. त्यांनी शिक्का मारला. "कागद पूर्ण झाला," ते म्हणाले. "तुम्ही जिवंत आहात आणि घरच्यांनी दिलगिरीही व्यक्त केलेली आहे."

मंगळवारी सिलिंडर आलं. आईने पहिला चहा केला. ज्योत इतकी निळी, इतकी मुकाट की ती पेटलीय यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून ती तिच्याशी बोलत बसली. बाबांना मात्र दिवाळीपर्यंत ओझरच्या बसमध्ये कोणी ना कोणी भेटून "दिलगीर आहोत हं" म्हणत राहिलं.

वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तक आलं. 'प्रसारमाध्यमे'समोर शंभरपैकी एकेचाळीस, आणि पिंगळे सरांच्या हातचा शेरा: 'प्रयत्न चांगला, पण लेखनात जिवंतपणा नाही.'

बाबांनी शेरा दोनदा वाचला. मग चष्मा पुसला, पेन मागितलं आणि 'पालकाची सही' या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं: मधुकर खैरनार (हयात).