साळवे सरांचे मुद्दे आणि सोमाची आवणी

पोस्टाच्या काउंटरवर मी अख्खी नोकरी काढली, तरी पोस्टातले किस्से विचाराल तर चार-पाचच आठवतील. आमच्या बुधवारच्या वर्गाला मात्र जेमतेम दोन वर्षं झालीत आणि किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की मागचे तीन ‘आधी मी, आधी मी’ करत पुढे येतात. मला वाटतं, दहा-बारा माणसं एका खोलीत बसून गंभीर व्हायचा मनापासून प्रयत्न करायला लागली, की किस्से आपोआप होतात.

वर्ग म्हणजे आम्हा ख्रिस्ती मंडळींचा शास्त्राभ्यास. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत, सिंधूताईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, संध्याकाळी सहाला. शिकवणार साळवे सर. सर शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे एखाद दिवशी प्रार्थनाही ‘मुद्दा क्रमांक एक’ म्हणून सुरू करतील की काय, अशी आम्हाला धास्ती!

मध्यंतरी कुठे घरातली प्रार्थना बंद पाडली, कुठे कुणाला दमदाटी झाली, असं कानावर यायला लागलं. सरांनी लगेच जाहीर केलं, "आता आपण पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा अभ्यास करायचा. त्यांनी छळ कसा सोसला आणि आपण त्यातून काय घ्यायचं!" झेरॉक्सचा गठ्ठा त्यांच्या पिशवीत तयारच होता.

*

पहिल्याच बुधवारी सरांनी सांगितलं, की त्या काळी उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून विश्वासणारे एकमेकांना माशाच्या चित्रावरून ओळखायचे.

आमचा प्रदीप अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहे. ऐकलं की अमलात आणलं, हा त्याचा स्वभाव. पुढच्या रविवारी त्यानं माशाचा एक सुबक स्टिकर आणला आणि कुणाला न विचारता सिंधूताईंच्या दारावर चिकटवला. नवीन येणाऱ्याला घर सापडावं म्हणून!

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई. "बोंबील आहेत का?"

मंगळवारी दोघी आल्या. एकीनं तर पिशवीच पुढे केली. बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा सिंधूताई चाकूनं स्टिकर खरवडत होत्या. प्रदीप शरमून म्हणाला, "ताई, फार त्रास झाला का हो?"

"त्रास कसला? घरात होती नव्हती ती सुकट संपली. दारापर्यंत आलेल्या बायका, रिकाम्या हातानं कशा पाठवायच्या!"

*

मग चपलांचं प्रकरण. खालच्या मजल्यावरच्या काकांना दर बुधवारी जिन्यात दिसणाऱ्या चपला खटकायला लागल्या. एवढी माणसं कशाला जमतात, असं त्यांनी सोसायटीत विचारलं आणि पुढे पोलिसांतही कळवलं. सर म्हणाले, "मुद्दा क्रमांक दोन, विनाकारण कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये." त्या दिवसापासून आम्ही चपला पिशवीत घालून आत न्यायला लागलो.

पुढच्याच बुधवारी चौकशीला एक हवालदार आले. माणूस सज्जन. दारातच बूट काढले, आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि डायरी उघडली. आमच्या सगळ्यांच्या चपला आत, आणि दाराबाहेर एकटे पोलिसी बूट! जी गोष्ट आजवर सोसायटीतल्या दोघा-चौघांनाच माहीत होती, ती अर्ध्या तासात सगळ्या बिल्डिंगला कळली.

हवालदार सलग चार बुधवार आले. सर बोलायचे, ते लिहायचे. चौथ्या बुधवारी सरांनी सवयीप्रमाणे विचारलं, "मागच्या वेळचा तिसरा मुद्दा कोण सांगेल?"

सगळे छताकडे बघायला लागले. मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले, चष्मा डोळ्यांवरच होता. तेवढ्यात कोपऱ्यातून डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"छळ झाला म्हणून मंडळी पांगली," हवालदार संथपणे वाचत होते, "आणि पांगली म्हणूनच ती गावोगाव पसरली."

सर आमच्याकडे वळले. मग म्हणाले, "सबंध वर्गात एकच विद्यार्थी अभ्यास करतो, आणि तोही ड्यूटीवर!"

हवालदारांनी रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यानंतर चौकशी मात्र आली नाही.

*

एकदा सरांनी गृहपाठ दिला. ज्यानं आपल्याला त्रास दिला, त्याच्यासाठी महिनाभर रोज नाव घेऊन प्रार्थना करायची.

महिना संपल्यावर सिंधूताई वर्गात आल्या त्या फणकाऱ्यातच. "सर, तुमचा हा मुद्दा काही खरा नाही."

"का हो?"

"रोज खालच्या काकांसाठी प्रार्थना केली. परवा त्यांची पाण्याची मोटर जळाली, तर मीच दोन कळश्या देऊन आले. आता त्यांचा राग येईना झालाय. या बिल्डिंगमध्ये मला भांडायला तेवढा एकच माणूस होता!"

*

हसत-खेळत हे असं चाललं होतं. खरं सांगायचं तर तोवर छळ हा आमच्यासाठी झेरॉक्सवरचा विषय होता. मग जुलैत एका बुधवारी सोमादादा आला.

सोमा हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. तीन-चार वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको मीरा प्रार्थनेला यायला लागले. आईच्या औषधासाठी नाशिकला आला होता, तसा तो वर्गात डोकावला. सिंधूताईंनी चहा दिला. तो बशीत ओतून त्यानं शांतपणे संपवला आणि मग सांगितलं, "पाड्यानं आमाला सावडीतून काढलं."

सावड म्हणजे काय ते त्यानंच समजावलं. त्यांच्याकडे भाताची लावणी कुणी एकट्यानं करत नाही. आज सगळ्यांनी मिळून याचं शेत, उद्या त्याचं. लावणीला ते आवणी म्हणतात. पाड्यानं ठरवलं होतं, सोमाच्या आवणीला कुणी जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही आणि गिरणीत त्याचं दळण घ्यायचं नाही. त्यानं घरातली प्रार्थना बंद केली, तरच सगळं पूर्ववत!

"चिखलणी केली माझ्याच बैलांनी," सोमा म्हणाला. "रोप तयार हाय. आठ-दहा दिवसांत लागलं तर लागलं, नाय तर वर्षाचा भात गेला. दोघांच्यानं काय व्हतंय? मीरा म्हणते, वर्षभर खायचं काय?"

"आणि तू काय म्हणतोस?" सरांनी विचारलं.

"मी काय म्हणू? म्हणून तर तुमाला विचारायला आलो."

आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि त्या दिवशी कुणाचंही लक्ष घड्याळाकडे गेलं नाही. सोमा शेवटची बस पकडायला गेला. तो गेल्यावर सरांनी ठरवलं, पहिल्या मंडळ्या संकटातल्या मंडळ्यांना पत्र पाठवायच्या, तसं आपणही पाठवायचं!

*

पत्राचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी पोस्टातली! मी जन्मभर पत्रांवर शिक्के मारले हो, पत्रं लिहिली नाहीत. पण ऐकतो कोण?

सरांनी सात मुद्दे दिले. प्रदीपनं आठवा घातला. ‘प्रिय बंधू’ की ‘प्रिय सोमादादा’ यावर अर्धा तास गेला. चार पानी पत्र तयार झालं, वळणदार अक्षरात, आणि प्रदीपनं ते सोमवारी हरसूलच्या बाजारात सोमाच्या हातात दिलं. आम्ही सगळे स्वतःवर इतके खूश, की काही विचारू नका.

बुधवारी वर्ग चालू असतानाच मीराचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"पत्र मिळालं," मीरा म्हणाली. "लय बरं वाटलं. यांनी दोनदा वाचून दाखवलं. अक्षर लय छान हाय."

सर माझ्याकडे बघून हसले. मीही पदर सावरला.

"आनि," मीरा जरा थांबून म्हणाली, "रोप पिवळं पडाय लागलंय."

फोन बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं छान अक्षर घेऊन तिनं काय करायचं होतं?

सिंधूताई कपबश्या गोळा करत होत्या. न थांबताच त्या म्हणाल्या, "सर, त्या काळच्या मंडळ्या नुसतंच पत्र पाठवायच्या, की बरोबर माणसंही पाठवायच्या?"

सरांनी हातातले झेरॉक्स बघितले, मग पिशवीत ठेवले. "प्रदीप," ते म्हणाले, "उद्या गाडी मिळेल का रे?"

*

आता शेवटचा. हा सांगितला म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सोमाला दळण अजूनही हरसूलच्या बाजारातच न्यावं लागतं.

गुरुवारी आम्ही नऊ जण पाड्यावर पोचलो. नवांपैकी एकानंही उभ्या जन्मात भात लावलेला नव्हता. प्रदीपनं मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता. सिंधूताईंचं माहेर सिन्नरकडचं, त्यांनी लहानपणी कांद्याची लागण केलेली, म्हणून त्याच आमच्या तज्ज्ञ! सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सुतळीचा गुंडा काढला. ओळी सरळ यायला हव्यात ना!

सोमानं हातात रोपांची एकेक जुडी दिली, कसं लावायचं ते दाखवलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात तो नि मीरा सपासप कामाला लागले. आम्ही इकडे चिखलात. माझी रोपं लावली की वर तरंगायची. प्रदीपची इतकी खोल जायची की शेंडाही दिसेना. सर दोन रोपं लावायचे आणि सुतळी तपासायचे.

आणि बांधावर पाडा जमला. दहा-पंधरा माणसं, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, तोंडातून चकार शब्द नाही. मधोमध एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मीरा माझ्याजवळ रोप ठेवायला आली तेव्हा पुटपुटली, "ते काळूबाबा. त्यांच्याच अंगणात ठरलं व्हतं."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? मान खाली घालून मी आपली रोपं लावत राहिले.

तासाभरानं एक तरणा गडी बांधावरून ओरडला, "तुमी कोन? हितं कशाला आले?"

‘कुणी विचारलं तर काय उत्तर द्यावं’ हा सरांचा आवडता मुद्दा. त्यावर त्यांचे दोन बुधवार खर्ची पडले होते. सर कंबरेवर हात ठेवून कसेबसे सरळ झाले. नाकावर चिखल. म्हणाले, "भात लावायला आलो दादा. पण जमत नाही."

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं.

काळूबाबांची नजर मात्र आमच्यावर नव्हतीच. ती आमच्या ओळींवर होती. तरंगणारी रोपं बघून त्यांचा चेहरा असा व्हायचा, की कुणीतरी त्यांनाच चिमटा काढतंय. सिंधूताईंनी एक रोप कांद्यासारखं दाबून बसवलं, आणि बाबा उठले.

काठी बांधावर टाकली. धोतर खोचलं. चिखलात उतरले, माझ्या हातातली जुडी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि मागे मागे सरकत लावायला लागले. बोटं दिसत नव्हती इतकी भराभर.

"बाबा!" तो तरणा गडी वरून म्हणाला. "आपलं काय ठरलं व्हतं?"

बाबांनी मानही वर केली नाही. "मी कोनाकडं नाय आलो. मी भाताकडं आलो."

थोड्या वेळानं दोन बायका उतरल्या. मग तिघे. मग तो तरणा गडीही. आम्हा नऊ जणांना त्यांनी हातानंच बाजूला व्हायची खूण केली आणि जुड्या वाहायचं काम दिलं. तेवढं आम्हाला जमलं. उन्हं कलायच्या आत अख्खं शेत लागलं. एवढ्या वेळात सोमाशी मात्र कुणी एक शब्द बोललं नाही.

सावडीला आलेल्याला घरधन्यानं जेवू घालायचं, ही तिकडची रीत. मीरानं पहाटेच भाकऱ्या थापल्या होत्या, उडदाचं भुजं केलं होतं. पण बोलवायचं कसं? सोमाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हेही ठरलेलंच होतं. मीरा पाण्याची कळशी घेऊन नुसती उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

काळूबाबांनी तिच्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, आणि बांधावर बसून हात पुढे केले. "आन हितंच. बांध म्हंजे काय घर नाय." मीरानं त्यांच्या हातांवर पाणी घातलं. मग सगळेच बांधावर ओळीनं बसले. आम्ही नऊ जण, पाडा, आणि अगदी शेवटी सोमा.

जेवण झाल्यावर बाबांनी काठी उचलली. जाता जाता ते सरांच्या ओळीपाशी थांबले. सुतळी अजून तशीच ताणलेली होती आणि तिच्या कडेनं मोजून अकरा रोपं, त्यातली चार आडवी. बाबा बराच वेळ ती बघत राहिले. मग त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा मागे वळून सोमाकडे बघितलं.

"सोमा," ते म्हणाले, "पुढल्या साली या लोकांना आनू नको. लय रोप वाया जातं!"