शेवटचा शब्द खैरूनचा

मी इंग्रजी एका शिंप्याकडून शिकलो, आणि त्या शिंप्याला इंग्रजी येत नव्हतं.

जेद्द्याला बलदच्या जुन्या बाजारात अत्तराच्या दुकानात मी वीस वर्षं विक्रीला होतो. मग सरकारी हुकूम आला, काउंटरवर आता सौदीच माणूस. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो सौदी मालक, म्हणाला, "मक्क्याला हॉटेलात स्टोअरकीपर हवाय. मुलाखत इंग्रजीत. जमलं तर इकामा, राहायचा परवाना, नाहीतर खलास!" खलास म्हणजे परत गावी, राजापूर. आणि माझी शाळा चौथीपर्यंत!

शेजारी करीम उस्ताद, अफगाणिस्तानातल्या हेरातचा शिंपी. घरची बोली फारसी. तोही इंग्रजीच्या मागे लागला होता. रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर आम्ही माझ्या घरी चहा घेऊन बसायचो.

"आय टी ड्रिंक."

"आय ऑल्सो टी ड्रिंक!"

त्याच्या फारसीत काय नि माझ्या मराठीत काय, आधी वस्तू, मग तिचं काय करायचं ते. त्यामुळे एकमेकांचं शंभर टक्के कळायचं. मला वाटलं, आलं इंग्रजी!

मुलगी शबाना शाळेतनं आली ती खो खो हसत सुटली. "अब्बा, ड्रिंक आधी, टी नंतर!"

"चहा हातात यायच्या आधी पिऊ कसा?" मी म्हणालो. उस्तादने मान डोलावली.

माझी बायको खैरून स्वयंपाकघरातनं सगळं ऐकायची. तिची लग्नापासूनची खोड, माझं वाक्य ती पुरं करायची. मी "त्या कपाटाची ती..." म्हणालो की आतून, "चावी! खिशात बघा." इंग्रजीतही तेच. मी "आय बॉक्स..." म्हणायचो, आतून "ओपन!" (असं अर्धं इंग्रजी मला पाठ, अर्धं तिला!)

मुलाखतीला साहेब घाईतला. विचारलं, "काम काय करायचास?"

"आय एव्हरी डे ट्वेंटी बॉक्स..." म्हणालो आणि सवयीने थांबलो.

साहेब बघतोय. मी बघतोय.

"ट्वेंटी बॉक्स व्हॉट?"

मी वळून दाराकडे बघितलं! साहेबानेही बघितलं.

"कोण आहे तिकडे?"

"माय वाइफ," मी म्हणालो. "शी होम इन..." आणि परत थांबलो!

साहेब हसून हसून खोकला. स्टोअरकीपर नाही केलं, पण गोदामात खोकी उतरवायला ठेवलं. अट एकच, "नो टॉकिंग." इकामा वाचला.

घरी खैरून म्हणाली, "अहो, मला न्यायचंत की बरोबर!"

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. मी राजापुरातच असतो. काल डॉक्टरने विचारलं, काय होतंय? "इथे छातीत जरा..." म्हणालो आणि दाराकडे बघत बसलो.

"बरोबर कुणी आलंय का बाबा?"

"नाही."

तेव्हा इंग्रजीत नापास झालो होतो. आता मराठीतही झालो!