डेअरीतला बर्फ आणि मिस नताशा

त्या दुष्काळात आमच्या गावात साठवून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हौद कोरडे, कणग्या रिकाम्या. पण दूध डेअरीच्या ऑफिसात गप्पांचा साठा मात्र असा वाढत गेला, की अजून पुरतोय! पाहुणे आले आणि चहा उकळेपर्यंत वेळ काढायचा असला, की माझ्या तोंडून त्यातला एखादा किस्सा सुटतोच. आमचे हे म्हणतात, "मंगल, तुझं तोंड आन् डेअरीचा जनरेटर, दोन्हीला बंद व्हायचं वावडं हाय!"

जनरेटरचं मात्र खरं आहे. आमचं गाव दिंद्रूडच्या अलीकडं. लाईट सकाळी गेली की दिवेलागणीपर्यंत गुल. सहकारी दूध संस्थेत दूध थंड करायचा प्लँट होता, म्हणून तेवढ्या एका जागी जनरेटर. आणि जनरेटर होता म्हणून तिथला टीव्ही चालायचा. माझं घर डेअरीच्या अगदी समोर. टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या आणि टँकर येईपर्यंत डेअरीत जाऊन बसायचं. प्लँटच्या भिंतीला पाठ टेकली की गार वाटायचं. तेवढंच सुख.

टीव्हीवर खेळाचं एक चॅनल तेवढं स्वच्छ दिसायचं. त्यावर दुपारी बर्फावरचं स्केटिंग लागायचं. झगमगीत कपड्यातल्या पोरी एका पायावर भिंगरीसारख्या फिरायच्या. इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, पण नाच संपला की पंचांचे मार्क यायचे, ते कळायचे. पाच पॉइंट आठ, पाच पॉइंट नऊ. ते पहिल्यांदा बघितलं आणि दुधाची फॅट काढणारा आमचा दगडू खुर्चीतून उठलाच.

"अरे, हे तर फॅट लावायलेत!"

कुणालाच ते खोटं वाटलं नाही. म्हशीच्या दुधाला सहा फॅट लागली म्हणजे माल चोख, आणि तिथंही मार्क सहाच्या वर जात नव्हते. मग रोजचंच झालं. एखादी पोरगी धडपडली, मार्क घसरले, की दगडू ओरडायचा, "पाणी घातलं बाईनं दुधात!"

आणि भिंतीशी बसलेली एखादी म्हातारी सुस्कारा टाकायची, "घालायला पाणी तरी हाय तिच्याकडं!"

*

आमच्यात खरी जाणकार एकच. तारामावशी. प्लँट चालवणाऱ्या विश्वनाथअप्पांची बायको. पाऊस गेला त्याच साली ही दोघं गावात आली. त्याआधी सारी उमर सर्कशीत. अप्पा सर्कशीचा जनरेटर सांभाळायचे आणि मावशी चाकाचे बूट घालून लाकडी फळ्यांवर नाचायची. सर्कस मोडली, अप्पांना डेअरीत काम लागलं.

मावशी मूळची धारूरची. पण पोस्टरवर नाव 'मिस नताशा, बर्फाच्या देशाची परी'! तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर सोनेरी केसांचा टोप, आणि मालकाची सक्त ताकीद: रिंगणात तोंड उघडायचं नाही.

एकदा परळीच्या मुक्कामात फळीचा खिळा वर आलेला. त्यात चाक अडकलं आणि मिस नताशा सपशेल आडवी. सगळ्या तंबूला ऐकू गेलं, "माय गंऽऽ! मेले!"

मालकाचं तोंड पडलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ बे, जीव कळवळला की रशियावालीबी मराठीच बोलती!"

मावशी हे सांगताना हसायची आणि कोपराची जुनी खूण चोळायची. "लोकांनी टाळ्या वाजिवल्या गं. मालकानं त्या महिन्याचा पगार दिला न्हाई."

*

डेअरीच्या चेअरमनचे वडील आबा. घरी मोठी शेती, मोठा मान, पण दुपारी आबांची खुर्ची डेअरीत. तंबूतले सिनेमे, फडातल्या नाचणाऱ्या, सर्कशीतले जोकर, सगळ्यांची कुंडली त्यांना पाठ. कोणती नटी कुणाच्या मोटारीतून पळाली, कोणता हिरो शेवटी कुठल्या धर्मशाळेत मेला, आबांना विचारा!

एक दिवस म्हणाले, "नताशा मी बघितलीय! माजलगावला. बैलजोडी इकायला गेलतो. बैल ऱ्हायले दावणीला उपाशी आन् मी रोज तंबूत!"

"आबा, ती मीच," मावशी म्हणाली.

आबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुगडं, पिकलेले केस, जाड भिंगाचा चष्मा.

"ह्या! ती गोरीपान होती. डोळे निळे."

"गोरा रंग डब्यातला होता. निळे डोळे तुमचे तुमीच लावले असतील."

"मग माझ्याकडं बघून हात केलता, तो?"

"त्यो सगळ्यांलाच करायचा असतो, आबा."

आबा काठी घेऊन उठले आणि निघून गेले. दोन दिवस आले नाहीत! मला राहवतंय होय? मी हळदीकुंकवाच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेले आणि आबांच्या बायकोला, माईंना, सगळं सांगून आले. माई गावात कधी कुठं जायच्या नाहीत. तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "माझं हळदीचं अंग होतं तवा. माजलगावहून आले आन् झोपंत तिचंच नाव."

*

मावशीला एकच ध्यास होता. खऱ्या बर्फावर एकदा उभं राहायचं!

"उमरभर बर्फाची परी म्हणून पोट भरलं," ती म्हणायची, "आन् बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाड्यावर."

दगडू म्हणाला, "मग गोळाच आणतो की. त्यावर उभ्या ऱ्हावा."

"तू खालून काडी धरून ऱ्हाशील का बे?"

खरं तर प्लँटच्या मागं बर्फाच्या लाद्या पाडायची टाकी होती. बरं साल असताना दुधाच्या कॅनभोवती ठेवायला लाद्या पाडायचे. दुष्काळ पडला आणि चेअरमननं टाकीला कुलूप लावलं. प्यायला पाणी नाही तिथं बर्फ कसला! मावशी गावात आली ती कुलूप लागल्यावर.

अप्पा तिला सांगायचे, "एक पाऊस पडू दे. पहिली लादी तुझी."

मृग गेला. हस्तही गेला. मावशी दर नक्षत्राला अप्पांकडं बघायची आणि अप्पा कॉम्प्रेसरकडं.

*

अप्पा बोलायचे कमी. लग्न कसं जमलं, हे त्यांच्या तोंडून काढायला मला महिना लागला.

सर्कशीत एकदा मावशीचा खेळ चालू असताना जनरेटर बंद पडला. गच्च अंधार. अप्पा घामाघूम, हातात पाना, काही सुचेना. तंबूत आरडाओरडा. आणि त्या सगळ्यात फळ्यांवरून फिरणाऱ्या चाकांचा आवाज, घर्रर्र, घर्रर्र. थांबलाच नाही! लाईट आली तेव्हा मावशी तशीच गोल फिरत होती.

मालकानं अप्पांच्या मुस्काटात दिली. अप्पा थेट मावशीकडं गेले. "थांबली कावून न्हाईस? पडली असतीस!"

मावशी म्हणाली, "तू खाली खटपट करायलास, ते ऐकू येत होतं की."

अप्पांनी हे सांगितलं आणि लगेच उठून जनरेटरचं डिझेल बघायला गेले. काठी घालून बघितलं, पुन्हा बघितलं. त्या आठवड्यात संस्थेनं डिझेल निम्मं केलं होतं.

*

दूध तर आटतच चाललं होतं. निम्म्या गावाची जनावरं चाराछावणीला गेलेली. जिथं कॅन मावायचे नाहीत तिथं एक कॅन यायचा, तोही डचमळत. महिनाअखेर प्लँट बंद करायचा, असं ठरलं.

मी तांब्याभर दूध घेऊन गेले. दगडूनं फॅट काढली आणि ओरडलाच, "मंगलवहिनी, आठ! तुमच्या म्हशीनं त्या गोऱ्या पोरीलाबी मागं टाकलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी तर काठी आपटली. मीही हसले. पण दूध आटताना शेवटी शेवटी दाटच निघतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमच्या ह्यांनी म्हैस बाजारात नेली. संध्याकाळी नुसतं दावं घेऊन आले. कुणी घेतली, कुठं नेली, मी विचारलं नाही. मी! गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते विचारणारी!

*

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की मावशी उन्हाळ्यातही डाव्या पायाला फडकं गुंडाळून बसते.

"मावशी, पाय कावून झाकलाय?"

"माश्या बसतात."

मी काय सोडते होय! फडकं काढायलाच लावलं. अंगठा काळा पडला होता, आणि काळं वर सरकत होतं. शुगर होती तिला. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. सोमवारी यायचं.

मावशी म्हणाली, "दुखत न्हाई गं. काईच लागत न्हाई त्याला. तेच वाईट."

दुसऱ्या दिवशी अप्पा चेअरमनकडं गेले. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"दादा, एक लादी पाडू द्या. आमच्या वाट्याच्या घागरी घालतो तिच्यात. तिला सोमवारच्या आत एकदा उभं ऱ्हायचं हाय."

चेअरमन माणूस वाईट नव्हता. चहा सांगितला. मग म्हणाला, "अप्पा, टाकी उघडली की गाव मला त्याच टाकीत बुडवंल. पाण्याचा बर्फ करून बाई नाचवली म्हणतील. संस्थेचं इलेक्शन तोंडावर हाय."

"तिचा पाय जाणार हाय, दादा."

"मग डॉक्टरला म्हणावं, पाऊस पडंस्तोर थांब."

चहा आला. अप्पांनी घेतला नाही.

घरी येऊन मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. पाय माझ्या एकटीचा, मतं गावाची!"

*

आबा शनिवारी सकाळी गेले. चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि संपलं.

धाकटा मुलगा दुबईला. तो यायला रविवारची संध्याकाळ होणार होती. ऊन असं, की सावलीत ठेवलेली भाकरी वाळून कडक व्हायची. माणूस ठेवणार कसा? चेअरमन स्वतः डेअरीत आला, किल्ली अप्पांसमोर ठेवली. "टाकी चालू करा."

आमच्या गल्लीचा टँकर त्या दिवशी डेअरीच्या मागं जाऊन उभा राहिला. आमच्या घागरी रांगेत तशाच. पाइप टाकीत सुटला.

रविवारी सकाळी आम्ही बाया आबांच्या दर्शनाला गेलो. मावशी माझ्या खांद्याला धरून लंगडत आली. अंगणात मांडव घातलेला. बर्फाच्या लाद्यांवर चटई, चटईवर आबा. लाद्यांतून सुटलेलं पाणी फरशीवरून गटाराकडं चाललेलं. आलेली प्रत्येक बाई आधी आबांना हात जोडायची आणि मग त्या पाण्याकडं बघत राहायची. उशाशी माई बसल्या होत्या. पलीकडं अप्पा लाद्यांवर भुसा टाकत होते. भिंतीशी, पोत्याखाली, एक जादा लादी झाकून ठेवलेली.

मावशीनं आबांना हात जोडले. मग खाली बसून पायाचं फडकं सोडलं. मला वाटलं, दुखतंय. ती उठली, भिंतीकडं गेली, पोतं बाजूला केलं आणि दोन्ही पायांनी लादीवर उभी राहिली.

रडणाऱ्या बाया थांबल्या. नुसतं पाणी ठिबकत होतं.

चेअरमन पुढं आला. "अप्पा! उतरवा हिला! काय चाललंय हे?"

अप्पांच्या हातात भुशाचं घमेलं होतं. ते जागचे हलले नाहीत.

मावशीनं दोन्ही हात पसरले. पाय सरकला, ती हेलकावली. तेवढ्यात माई उशाकडून उठल्या. मी म्हटलं, आता ही बाई तिचा उद्धार करणार. माई लादीपाशी आल्या, तिच्याकडं वर बघितलं आणि हात पुढं केला. हातातल्या हिरव्या बांगड्या अजून तशाच होत्या.

"पडशील, नताशा," माई म्हणाल्या.

मावशीनं तो हात धरला. काळ्या पायावर सगळा भार घेतला आणि चांगला पाय हळूहळू मागं उचलला.